पूर ओसरला, भिंतींचें काय ?

निफाड तालुक्यांतील विंचूर हें गांव गोदावरीच्या कांठीं वसलेलें नाहीं. पानिपतावरून जिवंत परतलेले सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या जहागिरीचें ठिकाण म्हणून तें जुन्या इतिहासांत प्रसिद्ध आहे, आणि लासलगांव बाजारसमितीच्या कांद्याच्या उपबाजारामुळें आजच्या व्यवहारांत. (पुण्याच्या वाचकांस विंचूरकरांचा वाडा आठवेल, टिळक गायकवाड वाड्यांत जाण्यापूर्वीं त्याच वाड्यांत राहत असत.) तेव्हां पुरानें मोडलेल्या घरांविषयीं लिहितांना आम्ही आरंभींच विंचूरचें नांव कां घेतों, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. ज्याच्या घरांत पाणी शिरलें त्याला काय करावें हें सांगण्याची गरज नसते. तो आपला चिखल उपसूं लागलेलाच असतो. सांगावयाचें असतें तें ज्याच्या घरांत पाणी शिरलें नाहीं त्याला. एकाच तालुक्यांत चांदोरी आणि सायखेडा हीं गांवें पाण्यांत असतां नदीपासून दूर असल्यामुळें ज्या गांवांना त्या पाण्याची झळ लागत नाहीं, अशांपैकीं विंचूर हें एक मोठें व संपन्न गांव आहे. आजचें आमचें म्हणणें त्याला व त्याच्यासारख्यांना उद्देशून आहे.

चांदोरी-सायखेड्यास पूर येतो तो केवळ दैवाचा फेरा म्हणून नव्हे. वर नाशिकपाशीं गंगापूर धरण, बाजूस दारणा धरण. दोहोंचें पाणी दारणासांगवीच्या संगमावर एक होतें आणि पुढें नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याशीं अडतें. त्या जलाशयांत कित्येक दशकांचा गाळ सांचलेला आहे. २०२० सालीं या पाणथळ जागेला रामसर यादींत स्थान मिळालें. महाराष्ट्रांतील तें पहिलेंच. पक्ष्यांच्या दृष्टीनें ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जो फुगवटा पक्ष्यांना मानवतो तोच कांठच्या माणसाच्या ओसरीवर चढतो, हेंहि तितकेंच खरें. त्यांत पाणवेलींचे ताफे वाहत येऊन पुलाशीं अडकतात. २०१६ च्या ऑगस्टच्या आरंभीं आणि पुन्हां २०१९ च्या ऑगस्टांत चांदोरीचें खंडेराव मंदिर पाण्यांत बुडालें, सायखेड्याची बाजारपेठ जलमय झाली आणि लोकांना अंगावरच्या वस्त्रांनिशीं उंचावर जावें लागलें.

अशा प्रसंगीं या दोन गांवांतील तरुणांनीं जी आपत्तिनिवारण समिति उभी केली आहे तिचें काम कौतुकास्पद आहे. अडकलेल्यांस पाण्यांतून बाहेर काढण्यास हे तरुण शहरांतून होडी येण्याची वाट पाहत बसत नाहींत. पण शौर्याच्या कामाला प्रेक्षक मिळतो, चिकाटीच्या कामाला मिळत नाहीं. म्हातारीला खांद्यावर घेऊन बाहेर काढणाऱ्याचें छायाचित्र सर्वत्र छापलें जातें. त्याच म्हातारीच्या घराची भिंत चार महिन्यांनीं कोणी उभी केली, किंवा कोणीच केली नाहीं, याची बातमी होत नाहीं. पाण्याबरोबर पाहुणे येतात आणि पाण्याबरोबरच ओसरतात. पुढचा सारा पसारा घरच्या बाईच्या व एखाद्या सावकाराच्या वांट्याला येतो.

भिंतींचा हा प्रश्न थोडा खोलांत जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण सेवा करणाऱ्यांच्या बहुतेक चुका येथेंच होतात. मातीचें घर बहुधा पूर असतांना पडत नाहीं. पूर उतरल्यावर पडतें. पाणी दोहों अंगांस सारखें असतें तोंपर्यंत भिंत तग धरते. बाहेरचें पाणी झपाट्यानें उतरलें आणि आंतील भर मात्र ओथंबलेलीच राहिली, म्हणजे भिजून लोण्यासारखा झालेला तळचा हात-दीड हात भाग वरचें ओझें सोसूं शकत नाहीं. प्रथम कोपरे फुटतात, मग तुळई सरकते, मग धाबें खालीं येतें. विटांचें घर असेल तर विटा राहतात व त्यांमधील माती धुऊन जाते. घर उभें दिसतें, पण तें विटांचा नुसता ढीग असतें. त्यांत अलीकडे एक समजूत बळावली आहे कीं, मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला म्हणजे घर पक्कें झालें. हाच गिलावा पुरानंतर वैरी ठरतो. भिंतीच्या पोटांतील ओल त्याच्यामुळें बाहेर पडूं शकत नाहीं, लोणा धरतो, आणि वरून कोरडी दिसणारी भिंत आंतून कुजत राहते. सबब पहिलें काम म्हणजे भिजलेला गिलावा पाण्याच्या खुणेच्याहि वीतभर वरपर्यंत खरवडून काढणें, डळमळीत तुळयांना टेकू देणें, दारें-खिडक्या उघड्या ठेवणें आणि वाट पाहणें. जाड भिंत सुकावयास कित्येक आठवडे लागतात. पाऊस चालूच असला तर त्याहूनहि अधिक. पूर उतरल्याच्या आठव्या दिवशीं ताजा गिलावा व वर रंग देऊन जो घर सजवून देतो, तो घरधन्याला दुसऱ्यांदां बुडवितो.

यावरून आठवडाभराच्या सेवेचा खरा हिशेब ध्यानांत येईल. एक आठवडा पुरत नाहीं, दोन लागतात, आणि ते लागोपाठचे नव्हेत. पहिला पाणी उतरतांच: गाळ काढणें, विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकणें, भिजलेलें धान्य व कडबा दूर नेणें, विजेच्या तारा जाणकाराकडून तपासून घेतल्यावांचून दिवा लावूं न देणें, आणि शिधापत्रिका, सातबारा व बँकेचें पुस्तक हीं वाळवून सांभाळून ठेवणें. हें शेवटचें काम किरकोळ समजूं नये. कागद गेला कीं माणसाचा हक्क गेला, असा आपल्या कचेऱ्यांचा शिरस्ता आहे. दुसरा आठवडा दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर: कोपरे बांधून घेणें, दरजा भरणें, जोतें उंचावणें, धाबें उतरवून हलकें छप्पर घालणें.

हा दुसरा आठवडा कोणी द्यावयाचा ? तो देणारे आपल्यांत आहेत. २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षीं, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या नियमांप्रमाणें स्वयंसेवकानें वर्षास १२० तास काम करावयाचें आणि एकदां सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठीं दत्तक गांवीं राहावयाचें असतें. आपल्याकडे हीं शिबिरें बहुधा डिसेंबर-जानेवारींत भरतात. म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत, जेव्हां पुरांत भिजलेली भिंत हात लावण्याजोगी झालेली असते. योग याहून चांगला जुळवूं म्हटलें तरी जुळणार नाहीं. नाशिक जिल्ह्यांत महाविद्यालयांची वाण नाहीं. १९१४ सालीं बहुजनांच्या शिक्षणाकरितां निघालेल्या एकट्या मराठा विद्या प्रसारक समाजाचींच कितीतरी आहेत. असें असतां या शिबिरांत घडतें काय ? सकाळीं प्रभातफेरी, दुपारीं पाहुण्यांचें व्याख्यान, संध्याकाळीं पथनाट्य, मध्यें देवळाच्या आवाराची झाडलोट आणि कांहीं रोपें. रोपांना फाल्गुनांत पाणी कोण घालतो, हा प्रश्न अहवालाच्या तक्त्यांत नसतो. आम्ही व्याख्यानांच्या विरुद्ध नाहीं. तथापि अठरा वर्षांच्या मुलाला ओळंबा धरावयास शिकवणें हें स्वावलंबनावरील चार व्याख्यानांहून अधिक फळ देईल, असें आम्हांस वाटतें.

आतां सरकारकडे वळूं. आपत्तिनिधींतून द्यावयाच्या साहाय्याचे २०२२ ते २०२६ या काळासाठीं केंद्रानें जे दर ठरविले, त्यांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशांत १,२०,००० रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये व कच्च्या घराला ४,००० रुपये, आणि झोपडीला ८,००० रुपये धरले आहेत. अंशतः म्हणजे निदान शेंकडा १५ नुकसान झालेलें असावयास पाहिजे. राज्यसरकारनें प्रसंगविशेषीं यांत भर घातली आहे. पण मूळ दृष्टि या आंकड्यांतच दिसते. घर पार कोसळलें तर लाखाची गोष्ट. तेंच घर वेळींच टेकू देऊन वांचविलें तर चार हजार. चार हजारांत गवंड्याची कितीशी मजुरी भागते, हें कोणाहि संसारी माणसाला सांगावयास नको. म्हणजे जो आपलें घर सांवरून धरतो त्याला दंड, आणि जो तें पडूं देतो त्याला बक्षीस, असा हा अजब न्याय झाला. वर आणखी एक अट: घर अधिकृत असल्याचें प्रमाणित झालें पाहिजे. नदीच्या अगदीं कांठीं, गायरानांत, ओढ्याच्या उतारावर राहणारा मजूर तेथें कांहीं हौसेनें राहावयास गेलेला नाहीं. उंचावरची जागा ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या अडविली त्यांनीं त्याला खालीं ढकललें. पाणी पहिल्यानें त्याच्याच घरांत शिरतें आणि पंचनाम्यांत त्याचेंच घर बेकायदेशीर ठरतें !

म्हणून आमचा आग्रह असा कीं, स्वयंसेवकांनीं कामाचा आरंभ वेशीपासून नव्हे, तर वस्तीच्या टोंकापासून करावा. शिबिर गांवांत आलें कीं पाटलाच्या वाड्यासमोर चहा होतो, सरपंचांच्या आळींत गटार साफ होतें, आणि दलित वस्तींत अथवा आदिवासी पाड्यावर शेवटच्या दिवशीं एक फेरी निघते. हा क्रम उलटा झाला पाहिजे. ज्यांचा पंचनामा झाला नाहीं त्यांची यादी आधीं करावी. कोणतें काम प्रथम, हें घरच्या बाईला विचारावें. चूल कोठें पेटवावयाची आणि जनावर कोठें बांधावयाचें, हें तिच्याइतकें कोणासच कळत नाहीं. गवंडी मात्र गांवचाच असावा आणि त्याला पुरी मजुरी मिळावी. विद्यार्थ्यानें फुकट विटा वाहिल्या तर ती सेवा होय. कारागिरास फुकट राबविलें तर ती वेठबिगार.

अशा कामाचीं उदाहरणें आपणांस परकीं नाहींत. स्वित्झर्लंडचे पियेर सेरेसोल यांनीं पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यांत कालच्या शत्रुराष्ट्रांतील तरुणांना एकत्र आणून घरें उभारण्याचें काम आरंभलें. हेच गृहस्थ १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हिंदुस्थानांत आले, आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनीं १९३७ पर्यंत पुराच्या पाण्यापासून सुरक्षित अशा उंच जागीं वस्त्या उभारण्यास हात लावला. गोऱ्या माणसानें डोक्यावर मातीची पाटी घेणें हें त्या काळीं नवलच होतें. जवळचें पाहूं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला; परंतु लातूर-उस्मानाबादच्या टापूंत दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व मजबुती मालकांच्या स्वतःच्या देखरेखीखालीं झाली, याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. त्या कामांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनें खेड्यांतील बायकांना संवाद सहायक म्हणून तयार केलें होतें. सिमेंट किती, सळई कोठें, हप्ता कां अडला, हें त्या बायका इंजिनियरला विचारूं लागल्या. दुरुस्ती ही नवी वसाहत बांधण्याहून स्वस्त पडते, आणि माणसाला त्याच्या शेजाऱ्यापासून तोडीत नाहीं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो आम्हीं हलका मानलेला नाहीं. स्वयंसेवक भिंती बांधूं लागले कीं सरकार हात झटकून मोकळें होईल, असें कित्येक विचारी लोक म्हणतात. भीति खरी आहे. पण १९२७ च्या गुजरातच्या महापुरांत वल्लभभाईंनीं काय केलें तें आठवावें. त्यांचे स्वयंसेवक गांवोगांव घरांची मोजदाद करीत राहिले आणि ती मोजदाद पुढें ठेवून त्यांनीं परक्या सरकारच्या तिजोरींतून सुमारे एक कोट रुपये पूरग्रस्तांसाठीं काढले. ज्यानें भिंतीला हात लावला आहे त्यालाच भिंतीचा खर्च ठाऊक असतो. आणि ज्याला खर्च ठाऊक आहे त्याच्यापुढें चार हजारांचें समर्थन करणें मंत्र्यालाहि जड जातें. म्हणून प्रत्येक शिबिरानें निघतांना एक कागद मागें ठेवावा: कोणाचें घर, काय मोडलें, किती विटा, किती मजुरी, सरकारनें दिले किती. असे दोन-चारशें कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या मेजावर पडले म्हणजे दर बदलण्याची भाषा सुरू होईल. २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेच्या पुरानें सोलापूर व मराठवाड्यांतील गांवें धुऊन निघालीं. तेथेंहि हेंच लागू आहे.

वेळापत्रक हातचेंच आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत मोडलेल्या घरांची यादी वाचावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत दुरुस्तीचीं घरें ठरवावींत. डिसेंबरांत शिबिर यावें. विंचूरच्या बाजारांत कांदा आणणाऱ्या ट्रॉल्या आहेत, व्यापारी आहेत, उधारीवर विटा व चुना देऊं शकतील असे दुकानदार आहेत. त्यांनीं त्या सात दिवसांपुरत्या चार ट्रॉल्या आणि मुलांचा शिधा एवढा भार उचलावा. यादींत पहिलें नांव कोणाचें असावें यावर सभेंत वाद होईल. तो होऊं द्यावा, आणि ज्याचें घर सर्वांत खालच्या अंगाला आहे त्यालाहि बोलूं द्यावें.