पांढरी साडी, सावळा चेहरा आणि खरा फोटो



भोकर तालुक्यातल्या कोणत्याही गावातले आपले एक लग्न डोळ्यांपुढे आणा. मे महिन्याची दुपार. मंचावर तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची प्रतिमा, समोर मेणबत्त्या. वधू पांढऱ्या साडीत, वर पांढऱ्या पोशाखात. त्रिशरण-पंचशील झाले, मंगल परिणय झाला आणि सगळी सोयरीधायरी फोटोसाठी मंडपाच्या तोंडाशी उभी राहिली. पाठीमागे रणरणते ऊन, चेहऱ्यांवर मंडपाची सावली.

पुढे अल्बम घरी येतो. काही फोटोंत साडी छान दिसते, पण चेहरे काळेठिक्कर. डोळेसुद्धा ओळखू येत नाहीत. काहींत चेहरे दिसतात, पण साडी म्हणजे नुसता चुन्याचा पट्टा. काठ नाही, चुणी नाही. आणि काही फोटो 'सुधारलेले' असतात. त्यांत आकाश नको तितके निळे, डोक्याभोवती पांढरट कडा, आणि नवरी तिच्या आईलाही ओळखू येणार नाही इतकी गोरी. या सुधारणेला हल्ली 'एचडीआर केलंय' असे म्हणतात. हे एचडीआर काय आहे आणि त्यातून खरा वाटणारा फोटो कसा मिळवायचा, हे आज आपण पाहू.

आधी दोष कोणाचा ते समजून घेऊ. दोष ना उन्हाचा, ना आपल्या रंगाचा. आपला डोळा फार हुशार आहे. उन्हाकडे पाहिले की बाहुली बारीक होते, सावलीत पाहिले की मोठी होते, आणि मेंदू दोन्हींचा मेळ घालतो. म्हणून मंडपात उभे राहून आपल्याला बाहेरचे शेतही दिसते आणि आतल्या आजीचे हसूही दिसते. कॅमेऱ्याला एका फोटोत एवढा मोठा पल्ला पेलत नाही. त्यातून पांढरे सुती कापड आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत टाकते, तर सावळी त्वचा त्यातला थोडाच परत टाकते. म्हणजे पांढरी साडी आणि सावळा चेहरा ही जोडी कॅमेऱ्यासाठी आधीच अवघड. त्यात पाठीमागे ऊन आले की तो गोंधळणारच.

ही अडचण जुनी आहे. फ्रान्समधले गुस्ताव्ह ल ग्रे हे छायाचित्रकार १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढत. आकाश नीट आले तर पाणी अंधारात जाई, पाणी नीट आले तर आकाश कोरे पडे. त्यांनी आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच घेऊन दोन्हींचा मिळून एक फोटो छापला. संगणकाच्या काळात, १९९५ साली, स्टीव्ह मान आणि रोझालिंड पिकार्ड यांनी, आणि १९९७ साली पॉल डेबेवेक व मूळचे भारतातले जितेंद्र मलिक यांनी कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो एकत्र करण्याच्या गणिती रीती मांडल्या. २०१० साली ही सोय आयफोनमध्ये आली, आणि आज ती साध्या फोनमध्येही असते. आपण एकदा बोट लावतो, पण फोन लागोपाठ अनेक फोटो घेतो आणि प्रत्येकातला चांगला भाग उचलून एक फोटो तयार करतो. एचडीआर म्हणतात ते एवढेच.

तेव्हा एचडीआर म्हणजे लबाडी नाही. डोळ्याला जे दिसले होते आणि कॅमेऱ्याला पेलले नाही, ते कागदावर आणण्याची ती युक्ती आहे. बिघडते ते हात ढिला सोडल्यावर. सावली सगळीच उपसून काढली की फोटो सपाट होतो. ऊन कुठून येत होते तेच कळत नाही. बारकावे फार ओढले की आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कोरल्यासारख्या दिसतात. सावळा रंग नको तितका वर उचलला की तो राखेसारखा पडतो. पंचशील ध्वज वाऱ्यावर फडकत असेल तर एकाच ध्वजाची दोन-तीन भुते दिसतात, कारण प्रत्येक फोटोत तो वेगळ्या जागी असतो.

आता उपाय. पहिला आणि सगळ्यांत स्वस्त उपाय कॅमेऱ्याच्या बाहेरचा आहे. ऊन-सावलीतला फरकच कमी करा. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी ऊन कलल्यावर कुटुंबाचा फोटो घ्या. दुपारीच घ्यावा लागला तर सगळ्यांना लिंबाच्या दाट सावलीत उभे करा, तोंडे मोकळ्या आभाळाकडे करा, आणि पाठीमागे ऊन येऊ देऊ नका. दोन पोरांच्या हाती एक स्वच्छ पांढरी चादर द्या आणि ती समोरून थोडी तिरपी धरायला सांगा. चादरीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. स्टुडिओत याच कामासाठी विकतची साधने असतात. आपल्या घरची चादर तेच काम करते. लाल-पिवळ्या मंडपाखाली मात्र शक्यतो फोटो घेऊ नका. कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो.

दुसरा उपाय फोनमधला. आधी भिंग मऊ कापडाने पुसा. एचडीआर आपोआप चालू राहील असे ठेवा. 'ब्यूटी' नावाची सोय पूर्ण बंद करा. तिचा आणि एचडीआरचा काही संबंध नाही. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, आणि मग उजेडाची पट्टी थोडी खाली आणा, साडीच्या चुण्या दिसू लागेपर्यंत. पांढरा भाग एकदा जळून कोरा झाला की तो कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही. अंधारलेला भाग मात्र बराचसा वर आणता येतो, जरी त्यात थोडे दाणे दिसले तरी. फोटो काढल्यावर क्षणभर हात स्थिर ठेवा. धावती मुले, मिरवणूक, फडकता ध्वज यांच्यासाठी एचडीआर बंद करून एकच फोटो घ्या.

तिसरी गोष्ट आपल्या फोटो-व्हिडिओच्या धंद्यात असलेल्या तरुणांसाठी. विहार, स्तूप, मूर्ती अशी स्थिर वस्तू असेल तर कॅमेरा स्टँडवर लावा आणि तीन फोटो घ्या: एक नेहमीचा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो, म्हणजे दोन स्टॉपला चौपट किंवा पाव. बदल शटरच्या वेगात करा, अ‍ॅपर्चरला हात लावू नका. माणसे असतील तर ही रीत चालत नाही, कारण माणसे हलतात. तिथे एकच रॉ फाईल घ्या, पांढरे जळू देऊ नका, आणि नंतर चेहरा थोडासाच वर आणा. जोडलेला फोटो डोळ्याला भावला की तिथेच न थांबता परिणामाची पट्टी निम्म्यावर आणून पाहा; बहुतेक वेळा तेच बरोबर असते. केस काळे राहिले पाहिजेत आणि सावली सावलीच राहिली पाहिजे. काम एक रात्र बाजूला ठेवा, सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहा, आणि मगच छापा.

रंग खरा आला की नाही, याची कसोटी आपल्याच अंगावर आहे. १९५६ साली नागपूरला लोक पांढरी वस्त्रे नेसून दीक्षेला गेले, तेव्हापासून पांढरे हे आपल्या मंगल प्रसंगांचे वस्त्र आहे. फोटोत ती साडी पिवळट किंवा निळसर न दिसता पांढरीच दिसली, चुण्या दिसल्या, तर त्याच उजेडातला चेहराही खऱ्या रंगात आला असे समजा. साडी बरोबर असून चेहरा वेगळा वाटत असेल, तर चेहऱ्याला कोणीतरी हात लावला आहे.

आणि असा हात लावला जातोच. ही सवय यंत्रातही मुरलेली आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचा फोटो देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग बरोबर आला की काम झाले. मग काळ्या-सावळ्या माणसांचे फोटो बिघडले तर बिघडू देत! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया त्या कार्डावर यायला १९९० चे दशक उजाडले. २०२१ साली गुगलने सावळ्या-काळ्या त्वचेचा रंग खरा यावा म्हणून आपल्या पिक्सेल फोनमध्ये खास सुधारणा केली, यावरून तोवर यंत्राची नजर कशी होती ते समजा. आपल्याकडे १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमने २०२० साली नावातला 'फेअर' हा शब्द काढला. डब्यावरचा शब्द गेला, डोक्यातला गेला का?

उलट अजिंठ्याकडे पाहा. पहिल्या लेण्यातली काळ्या वर्णाची राजकन्या प्रसिद्ध आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चितारकऱ्याने तिला काळीच रंगवली, आणि देखणी रंगवली. लेण्याच्या दाराशी लख्ख ऊन आणि आत काळोख. कॅमेऱ्याची परीक्षा पाहणारी ती जागा. १९९१ साली बिनॉय बहल यांनी तिथली चित्रे प्रखर दिवे न लावता मंद उजेडातच टिपली, तेव्हा त्या रंगांची खोली फोटोतून लोकांना दिसली. उजेड वाढवला की सौंदर्य वाढते, ही समजूत अजिंठ्याने कधीच खोटी ठरवली आहे.

आता मुद्द्याचे बोलू. मुलीच्या परिचयपत्राचा फोटो काढायला गेलो की 'थोडा उजळ करून देतो' असे न मागता सांगितले जाते. आपणही मान डोलावतो. मग पाहुणे येतात, मुलीकडे पाहतात, आणि जाताना 'फोटोत उजळ होती' असे बोलून जातात. खोटे फोटोने सांगितले, अपमान मात्र लेकीने गिळला. भट्टीवर, शेतात, बांधकामावर उन्हातान्हात राबलेल्या आईचा फोटो तिच्या माघारी भिंतीवर लागतो, तोही गोरा करून. मग नातवंडांनी कोणाला आजी म्हणायचे?

आपण जन्मावरून लावलेला वर्ण नाकारून धम्म स्वीकारला. मग कातडीच्या वर्णाची लाज का बाळगायची? चौथे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. ते जिभेपुरते नाही, हातातल्या फोनलाही लागू आहे.

म्हणून एवढे करा. पुढच्या वेळी फोटो काढायला जाल तेव्हा आधीच सांगा: 'सावलीतला चेहरा दिसू द्या, पण रंग आमचाच राहू द्या.' दाभडच्या बावरीनगर महाविहारात पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते. तिथे थंडीतल्या कोवळ्या उन्हात घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक साधा, खरा फोटो काढा. त्याच्या पाठीमागे नाव, गाव आणि साल लिहा. पन्नास वर्षांनी तो पाहणाऱ्याला आपले पूर्वज जसे होते तसे भेटले पाहिजेत.

जयभीम.