बंडी की दमणी?

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दर्यापूरकडच्या आमच्या शेतासाठी ट्रॅक्टर येऊन वर्ष झालं होतं, पण ट्रॉली शेजाऱ्याची मागून आणावी लागायची. यंदा कापूस घरी यायच्या आत स्वतःची ट्रॉली घ्यायचीच, असं घरच्या पुरुषमंडळींनी ठरवलं. अकोल्याला एका वर्कशॉपमध्ये बनवून मिळते, ती पाहायला दीर निघाले. मी सहज म्हटलं, "भाऊजी, मीपण येते."

ते हसले. "वहिनी, लोखंडाचं काम हाये ते. तुमाले त्यातलं काय समजते?"

खरं सांगते मैत्रिणींनो, मला काही म्हणजे काही समजत नव्हतं. पण एक गोष्ट पक्की आठवत होती. ट्रॅक्टर घेताना अर्जावर सही माझी होती. यांत्रिकीकरण योजनेत महिला शेतकऱ्याला अनुदान जास्त, म्हणून तेव्हा घरात सगळ्यांना माझं नाव आठवलं होतं. सहीला मी चालते, मग वस्तू पाहायला का नाही? गेलेच मी.

वर्कशॉपमध्ये दिरांनी जे विचारलं ते सगळं मालाचं होतं. किती क्विंटल बसेल? दोन चाकी घ्यावी की चार चाकी? हायड्रोलिक किती उचलते? रंग कोणता? कापूस हलका पण जागा फार खातो, म्हणून वरून उंच जाळी लावून मिळेल का? मागच्या फाळक्यावर नाव कोणतं लिहायचं, यावर तर चांगली दहा मिनिटं चर्चा झाली! त्याच फाळक्याखाली लाल दिवा लागेल का, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. सासूबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला, "वेचायच्या बाया कुठी बसतीन मंग?"

दीर म्हणाले, "ट्रॉलीतच. अजून कुठी?"

"आमच्या वेळी बंडीत माल जाय अन् दमणीत मानूस जाय. तुमी दोन्ही एकातच कोंबता काय रे?"

त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. केवढं साधं सांगितलं होतं त्यांनी! आपल्या वऱ्हाडात माल वाहायला बंडी असायची आणि माहेरी, लग्नाला, बहिरमच्या यात्रेला जायला दमणी असायची. माणसाला बसायचं म्हणून तिची बांधणीच निराळी. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले, दमणी गोठ्यामागे मोडून पडली. तिच्या जागी दुसरं काही आलंच नाही. आज लग्नाचं वऱ्हाड असो, यात्रा असो की शेतावर जाणाऱ्या बाया असोत, सगळ्यांना आपण बंडीत घालतो. घेताना बंडी म्हणून पाहतो आणि वापरताना मात्र तिची दमणी करतो.

याची किंमत कोण मोजतं? ४ एप्रिल २०२५ ची सकाळ आठवा. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. नांदेडजवळ आलेगावच्या शिवारात त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. सात जणी गेल्या. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूरला जावळ काढून देवीहून परतणारी ट्रॉली पाण्यात उलटली. पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक बायका आणि लेकरं. दोन्हीकडे ट्रॉलीत आपल्यासारख्याच बाया होत्या.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे ना! आहे. ट्रॉली हे मालाचं वाहन आहे, त्यात माणसं बसवायची परवानगी नाही. अपघात झाला तर ट्रॉलीत बसलेल्या माणसासाठी विमा कंपनी सहसा हात वर करते आणि भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पण सकाळी सात वाजता चार कोसांवरच्या शेतात पोचायचं, एसटी त्या पांदणीत येत नाही, ऑटोचे पैसे मजुरीतून वजा झाले तर हातात काय उरणार? म्हणून ती बाई फाळक्याला पाय लावून चढते. तिला कायदा सांगून उपयोग नाही. सांगायचा तो आपल्याला, म्हणजे ज्यांच्या घरी ट्रॉली येते त्या मालकिणींना.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की घरात ट्रॉली येणार असेल तर घरच्या बाईने ती निवडायला गेलंच पाहिजे. लोखंडातलं समजत नसलं तरी चालेल. भाजी घेताना आपण शेतीशास्त्र कुठे शिकलेलो असतो? उलटसुलट करून पाहतोच ना? दुसऱ्या खेपेला मी वर्कशॉपमध्ये वही घेऊन गेले. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी फार आपुलकीने समजावून सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे चाकांना पकड मिळते आणि मागे घेणंही सोपं जातं. चार चाकी जास्त ओझं घेते, पण अरुंद पांदणीत मागे घेताना ड्रायव्हरचा घाम काढते. आपला ट्रॅक्टर किती ताकदीचा, वाट कशी, हे पाहून ठरवावं. मोठी ट्रॉली म्हणजे चांगली ट्रॉली, असं मुळीच नाही.

पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर भरलेली ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते, आडवी होते आणि दोन्ही उलटतात. तेव्हा ब्रेक लावून मिळतो का, हे आधी विचारा. हुकाची पिन जाड हवी, ती वर उसळून निघू नये म्हणून खाली अडकवणी हवी आणि वर एक साखळी हवी. पिन निसटली तरी साखळी ट्रॉलीला मोकाट सुटू देत नाही. स्वस्तात मिळतात म्हणून ट्रकचे जुने गुळगुळीत टायर लावून घेऊ नका. जाळी जितकी उंच, तितकी ट्रॉली वळणावर डुलते, हेही लक्षात ठेवा.

आणि मागचे दिवे! आपल्या रस्त्यांवर रात्री जिनिंगकडे जाणारी ट्रॉली अंधारात अंधारासारखीच दिसते. मागून मोटारसायकलवर येणारा कोणाचा तरी नवरा असतो, कोणाचा तरी मुलगा असतो. दोन लाल दिवे, रेडियमच्या जाड पट्ट्या आणि दिव्याची तार ट्रॅक्टरला जोडायची सोय, एवढं तर झालंच पाहिजे. नाव रंगवायला पेंटर मिळतो, मग दिवा लावायला वायरमन का मिळू नये? ट्रॉलीला स्वतःचा वेगळा नोंदणी क्रमांक लागतो, त्याची कागदपत्रं मिळणार का, हेसुद्धा पैसे देण्याआधीच विचारून घ्यावं.

एवढं सगळं केलं म्हणून ट्रॉलीची दमणी होत नाही, हे मात्र विसरू नका. मी घरी दोन गोष्टी धरून बसले. वेचणीच्या दिवसांत बायांसाठी ऑटो लावायचा आणि त्याचं भाडं आपण भरायचं, मजुरीतून कापायचं नाही. दुसरं, संध्याकाळी कापसाच्या गाठोड्यांवर कोणालाही बसू द्यायचं नाही. भरलेल्या ट्रॉलीच्या माथ्यावर बसलेल्या बाईला धरायला काहीच नसतं.

घरात कुरबुर झाली, नाही कशाला म्हणू? "गावात आतालोक कोनी लावला काय ऑटो?" असं ऐकावं लागलं. मी हिशेब मांडून दाखवला. ट्रॉलीवर जाळी, रंग आणि नाव यांना जेवढे पैसे गेले, त्यात वेचणीचे बरेच दिवस ऑटो चालला असता. दीर बराच वेळ त्या वहीकडे पाहत राहिले. सासूबाई आतून म्हणाल्या, "लाव रे बाप्पा ऑटो. बाया घरी पोचल्या पायजेत."

आमचा ऑटो लागला. पहिल्या वेचणीपुरता तरी. दुसऱ्या वेचणीला ऑटोवाला दोन दिवस आला नाही, आणि तेव्हा बाया पुन्हा ट्रॉलीतच गेल्या, रिकाम्या ट्रॉलीत खाली बसून, पण ट्रॉलीतच. ते मला अजून टोचतं. पुढच्या हंगामाला दोन ऑटोवाले आधीच सांगून ठेवायचे, असं ठरवलं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याही अंगणात ट्रॉली उभी असेल, नाहीतर यंदा येणार असेल. एकदा तिच्या मागे जाऊन उभ्या राहा. दिवा आहे का पाहा, पिन पाहा, साखळी पाहा. मग आपली स्वतःची लेक या फाळक्यावर पाय देऊन चढते आहे, असं डोळ्यांपुढे आणा. काय बदलायचं ते तुम्हाला आपोआप समजेल.