व्हिसा येईपर्यंत

तीन वर्षांपूर्वी आई आमच्याकडे ठाण्याला राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर एक बॅग, एक देव्हारा आणि दोन शब्द आले. बॅग कॉटखाली गेली, देव्हारा कोपऱ्यात बसला. ते दोन शब्द मात्र घरभर फिरत राहिले. ‘व्हिसा येईपर्यंत’ हे ते दोन शब्द.

मी कपाटाचा एक खण तिच्यासाठी रिकामा केला. ती म्हणाली, “राहू दे गं. बॅगेतून साडी काढायला मला काय कष्ट पडतात? व्हिसा येईपर्यंत तर राहायचं.” शेजारच्या वहिनींनी तिला भिशीत ओढायचा प्रयत्न केला. “नको हो, मध्येच व्हिसा आला तर तुमचा हिशेब चुकेल,” असे म्हणून तिने अंग काढून घेतले. तिच्यासाठी नवी गादी करवून घेतली. एक रात्र तिच्यावर झोपून सकाळी म्हणाली, “छान आहे हो गादी. मी गेल्यावर चिनूला होईल.” चिनू म्हणजे माझी मुलगी.

‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय आहे, हे मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आले आहे. पण या एवढ्याशा अव्ययाच्या पोटात किती वर्षे मावू शकतात, हे मला आईच्या अर्जाने शिकवले.

माझा थोरला भाऊ, दादा, अठरा वर्षे मेलबर्नला आहे. २०२१ साली आमचे बाबा गेले, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. परवानगीवाचून तिथल्या नागरिकालाही देशाबाहेर पडता येत नव्हते. मंत्राग्नी मी दिला आणि दादाने तो मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. ते त्याच्या मनाला इतके लागले, की दिवस झाल्यावर त्याचे पहिले वाक्य होते, “आता आईला माझ्याकडे आणायचं.”

डोंबिवलीच्या जागेत आई एकटी राहिली. मी सारखी म्हणत होते, “माझ्याकडे चल.” ती “बघू” म्हणून वेळ मारून नेई. वर्षभर तिने डोंबिवली सोडली नाही. मग २०२२ साली दादाने अर्ज केला आणि त्याच आठवड्यात तिने बॅग भरली. त्या वेळी या योगायोगाचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही.

अर्ज भरण्याचे काम मात्र माझ्याकडे आले. पहिलाच प्रश्न नावाचा, आणि दुसरा याआधी कोणत्या नावाने ओळखले जात होता हा. आई माहेरची सिंधू. लग्नात बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीने ‘सुमती’ लिहिले आणि सिंधू तिथेच संपली. शाळेचा दाखला सिंधूच्या नावाचा, पासपोर्ट सुमतीच्या. ज्या बाईने मला जन्म दिला आणि जी बाई मराठी चौथीत पहिली आली, त्या दोघी एकच, हे स्टँपपेपरवर लिहून द्यावे लागले. प्रतिज्ञापत्र टंकणारा गृहस्थ म्हणाला, “बाई, या गावातल्या निम्म्या आज्या अशाच आहेत. एकेकीच्या दोन दोन.”

जन्मतारखेचीही तीच तऱ्हा. आईचा जन्म वसुबारसेचा. गाय-वासराची पूजा चालू असताना झालेली, म्हणून आजी तिला कौतुकाने ‘वासरू’ म्हणे. पण शाळेत घालायच्या वेळी मास्तरांनी लिहिले, १ जून १९४९. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून त्या काळी किती तरी मुलांचे जन्म १ जूनलाच झाले. जन्ममृत्यूच्या नोंदीचा देशभराचा कायदा आला १९६९ साली; तोवर मास्तर लिहितील ती तारीख. आई कागदावर साडेचार महिन्यांनी मोठी झाली ती कायमची.

कागद जमले, कुरिअरने पर्थला रवाना झाले. मग एके रात्री दादाने व्हिडिओवर रांगेचा हिशेब समजावला. साध्या पालक-व्हिसाच्या वर्गाला तिथे क्रमांक आहे १०३. या वर्गातल्या अर्जाचा निकाल लागायला किती दिवस? तीस वर्षांच्या आसपास. चिनू जवळच बसून गृहपाठ करीत होती. तिने मान वर न करताच सांगितले, “आजी त्र्याहत्तर. अधिक तीस. एकशे तीन. म्हणूनच नंबर एकशे तीन आहे!”

आम्ही सगळे हसलो. आई सर्वांत जास्त हसली.

यात कारकुनांचा आळस आहे असे नव्हे. तो साधा त्रैराशिकाचा मामला आहे. २०२४-२५ या वर्षी साऱ्या जगातल्या आईबापांसाठी मिळून तिथल्या सरकारने ८,५०० जागा ठेवल्या होत्या, आणि रांगेतल्या माणसांची संख्या लाखाच्या वर. त्यातही बहुतेक जागा जातात त्या मोठी रक्कम भरणाऱ्यांना. ही दुसरी वाट २००३ साली निघाली. तिच्यात माणशी ४३,६०० डॉलर, म्हणजे आपले चोवीस-पंचवीस लाख रुपये, नुसत्या फीच्या दुसऱ्या हप्त्याचे. आणि एवढे करूनही दहा-बारा वर्षांहून अधिक थांबायचे. २०१४ साली सरकारने स्वस्तातली रांग बंदच करून टाकली होती. तिथल्या सिनेटने काही महिन्यांतच तो निर्णय रद्द केला आणि रांग पुन्हा उभी राहिली. २०२३ साली मार्टिन पार्किन्सन यांच्या समितीने या कारभाराचा आढावा घेतला. बहुधा कधीच न येणाऱ्या व्हिसासाठी लोकांना अर्ज करू देणे हे क्रूर आहे आणि अनावश्यकही आहे, असे मत तिने मांडले.

आमच्या सोसायटीत आणखीही रांगा आहेत. वरच्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा कॅनडात. तिथे आईबापांसाठी सोडत निघते. २०२० साली इच्छुकांची नावे नोंदवून घेतली आणि २०२५ पर्यंत दर खेपेस त्याच नावांतून चिठ्ठ्या काढल्या. २०२० साली मुलगा नाव नोंदवायला चुकला. काका आता एका वेळी पाच वर्षे राहू देणारा तिथला ‘सुपर व्हिसा’ काढून जाऊन येऊन असतात. समोरच्या काकूंची मुलगी अमेरिकेत. तिथे नागरिक झालेल्या मुलामुलीच्या आईबापांना संख्येची मर्यादा नाही. पण मुलगी आधी नागरिक व्हायला हवी ना! भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की काकू मुलीच्या रांगेमागे रांग लावून बसल्या आहेत. संध्याकाळी बाकावर या तिघांची बैठक जमते. पूर्वी अशा बाकावर गुडघ्यांच्या गोष्टी निघत. आता खंडांच्या निघतात.

ऑस्ट्रेलियाच्या अर्जात एक कसोटी आहे, तिने मात्र मला अंतर्मुख केले. आईबापांची निदान निम्मी मुले तिथे कायमची राहणारी असावीत, किंवा दुसऱ्या कोणत्याही एका देशात आहेत त्यांहून जास्त तिथे असावीत. कुटुंबाचा तोल कुठे झुकतो ते ते पाहतात. म्हणजे चक्क तागडी! एका पारड्यात दादा, दुसऱ्यात मी. दोनांतला एक तिकडे, म्हणजे बरोबर निम्मे, आई उत्तीर्ण. मी फॉर्ममध्ये दादाच्या नावाखाली माझे नाव लिहिले आणि पुढच्या रकान्यात ‘भारत’ लिहिताना माझा हात जरा थांबला. आईच्या औषधाच्या वेळा, तिचा कमी तिखटाचा वेगळा वाडगा, रात्री खोकल्याचा आवाज आला की उठून बसणारी मी, हे सारे त्या एका शब्दात भरून मी दुसऱ्या पारड्यात बसले होते. आणि अर्ज मंजूर व्हावा म्हणून सही घेत होते.

कबूल करते, वाचकहो. दर महिन्याला दादाला सांगायला म्हणून मी ती रांग कुठवर सरकली ते पाहत असे. ती फारशी सरकलेली नसे. “नाही रे, अजून तिथंच आहे,” असे मी खिन्न आवाजात सांगे, आणि फोन ठेवल्यावर मला बरे वाटे. एवढ्या लांबच्या रांगेत सुटकेसारखे काय वाटत होते, याचा विचार मी करीत नसे.

तो करायची पाळी गेल्या श्रावणात आली. दादाचा फोन आला तो उत्साहाने ओसंडून. २०१९ सालापासून तिथे पालकांसाठी आणखी एक व्हिसा आहे. मुलाने जामीन राहायचे, आणि आईने एका वेळी तीन किंवा पाच वर्षे राहायचे. एकूण दहा वर्षांपर्यंत. पाच वर्षांचे दहा हजारांहून अधिक डॉलर पडतात. दादाने ते साठवले होते. “आई, रांग गेली खड्ड्यात! हा काही महिन्यांत येईल. तुझी खोली तयार आहे. खिडकीत तुळस लावलीय.”

मी आईकडे पाहिले. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळीत होती.

“नको रे,” ती म्हणाली, “तो तात्पुरता. मला आपला रांगेतलाच बरा. तो कायमचा.”

“अगं, पण तो कधी येणार?”

“येईल तेव्हा येईल. मला कुठं घाई आहे?”

दादाने मग आणखी एक वाट सांगितली. पाहुणी म्हणून यायचे आणि तिथे पोचल्यावर वृद्ध पालकाचा अर्ज करायचा. पुढे मुक्काम वाढवायला मनाई करणारी अट व्हिसावर नसली, तर निकाल लागेपर्यंत तिथेच राहता येते. आई म्हणाली, “वाटच बघायची तर ती इथं बसून बघते. इथं निदान बाकावर माणसं आहेत.”

फोन ठेवताना दादाचा आवाज पडला होता. मला त्याची दया आली आणि आईचा रागही. रात्री मी तिच्या कॉटवर जाऊन बसले. “आई, लवकर येणारा व्हिसा नको आणि कधीच न येणारा हवा, हे काय?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तो लवकर आला तर जावं लागेल ना गं.”

“मग नको जाऊस. कोण जबरदस्ती करतंय?”

“नाही गेले, तर काय म्हणून राहू इथं? मुलगा असताना मुलीच्या दारात राहिली म्हणतील. तुझ्या आजोबांनी चिनूच्या वयाची तू होईस्तोवर आमच्याकडे पाण्याचा घोट घेतला नव्हता. आता कसं, कुणी विचारलं तर सांगता येतं, व्हिसा येईपर्यंत आहे. जावईबापूंनाही ओझं वाटत नाही, मलाही मिंधं वाटत नाही. आणि दादाने आपल्याकडून केलं, म्हणून त्यालाही समाधान. सगळ्यांचं भागतंय की.”

मला एकेक उलगडू लागले. वर्षभर न सुटलेली डोंबिवली अर्ज गेल्याबरोबर का सुटली, ते कळले. दर एक तारखेला मिसळणाच्या डब्याखाली ती बाबांच्या पेन्शनीतले तीन हजार रुपये का ठेवते, तेही कळले. त्या समितीने क्रूर म्हटलेली रांग माझ्या आईने आपल्या मानाचे आसन करून घेतली होती. लेकीच्या घरी राहायला तिला एका परक्या सरकारचे कारण लागले, आणि ते तीस वर्षे पुरेल इतके मोठे मिळाले म्हणून ती त्या रात्री सर्वांत जास्त हसली होती.

दादा हा दिवाळी अंक दरवर्षी मागवतो. फराळाच्या डब्याबरोबर मीच तो पाठवते. म्हणून हे इथे लिहिते आहे. फोनवर मला जमले नसते. दादा, तुझी खोली, तुझी तुळस, तुझे साठवलेले डॉलर यांत काही उणे नाही. बाबांच्या वेळी तुला येता आले नाही, हा तुझा दोष नव्हता; त्याची भरपाई आईला उचलून नेऊन व्हायची नाही. आणि मीही तुला इतके दिवस खिन्न आवाजात खोटे सांगितले आहे. ती राहावी असे मला वाटत होते. ते तोंडाने म्हटले असते, तर कदाचित तिला त्या रांगेची गरजच पडली नसती.

छापायला देण्याआधी हा मजकूर मी आईला वाचून दाखवला. घरच्या गोष्टी चारचौघांत न्यायच्या, तर तिची परवानगी हवीच. तिने चष्मा काढून सगळे ऐकले. “भिशीच्या वहिनींचं लिहायला नको होतं,” एवढी एक चूक काढली. मग जरा थांबून म्हणाली, “त्याला म्हणावं, तीन महिन्यांचा साधा काढ. येते मी, तुळस बघून जाते. पण परतीच्या तिकिटासकट काढ.”

रविवारी तिने कॉटखालची बॅग ओढली. प्रवासाची भरायची, तर आधी ती रिकामी करायला हवी. साड्या एकेक करून बाहेर निघाल्या आणि कॉटवर त्यांचा ढीग झाला.

“अगं,” तिने हाक मारली, “तो खण कुठला म्हणाली होतीस?”