संशयाची दुकानदारी

तंबाखूच्या पुड्यावर कर्करोगाचे चित्र केवढे असावे, हा प्रश्न वरकरणी छापखान्याच्या अखत्यारीतला वाटतो. परंतु २०१५ साली याच प्रश्नाने आपल्या संसदेच्या एका समितीस चांगलेच गुंतवून ठेवले होते. पुड्याच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापावा, असा नियम आरोग्य मंत्रालयाने आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात काढला होता आणि १ एप्रिल २०१५ हा अंमलबजावणीचा दिवस ठरला होता. तो दिवस उजाडण्यापूर्वीच समितीने सबुरीचा सल्ला दिला व सरकारने तो मानला. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनी सांगितले ते असे, की तंबाखूने कर्करोग होतो असे म्हणणारे अभ्यास सारे परदेशांतले. आपल्या देशात तशी पाहणी झालेलीच नाही. समितीचे एक सभासद, अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता हे विडीच्या मोठ्या व्यवसायाचे धनी होते, हेही जाता जाता नमूद करून ठेवतो.

पाहणी झालेली नाही! वाचकहो, ही पाहणी या वादाच्या साठ वर्षे आधी मुंबईत झाली होती, आणि ती करणाऱ्यांत एक ठसठशीत मराठी नाव होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांना आकार देणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी संघवी व राव या सहकाऱ्यांसह तंबाखू चघळणे व ओढणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासला आणि आपला निबंध १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेली माणसे आपल्यातलीच होती. विडी ओढणारी, तंबाखू चघळणारी. लंडनच्या नियतकालिकाला जे १९५५ मध्ये ठाऊक झाले, ते दिल्लीच्या समितीपर्यंत २०१५ मध्येही पोहोचू नये, याचे नवल करावे की आणखी काही, हे आम्ही वाचकांवर सोपवतो. उत्तर येत असूनही ‘प्रश्नच अभ्यासक्रमाबाहेरचा आहे’ असा कांगावा करणारे विद्यार्थी आम्हां मास्तरमंडळींच्या परिचयाचे असतात. पण ते निदान नियम करायला बसत नाहीत.

ही युक्ती मात्र आपल्या मातीतली नव्हे. तिचा उगम न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात सापडतो. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतील बड्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख तेथे जमले. सिगारेटच्या धुराने कर्करोग होतो असे दाखवणारे प्रयोग नुकतेच वृत्तपत्रांतून गाजत होते. हिल अँड नोल्टन या जनसंपर्काच्या पेढीने सल्ला दिला, की संशोधनाला नुसता नकार देत बसू नका, संशोधनाचेच नाव घ्या. त्याप्रमाणे ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर जाहिरात झळकली. लोकांचे आरोग्य आम्हांस सर्वोपरी आहे, पुरावा अद्याप निर्णायक नाही, अधिक अभ्यासासाठी आम्हीच समिती नेमीत आहोत, असा तिचा आशय. ‘अधिक अभ्यास हवा’ हे वाक्य किती निरुपद्रवी दिसते! विद्वानाच्या मुखी ते नम्रतेचे लक्षण असते. कंपन्यांनी मात्र त्यावर चार दशके काढली. त्यांतील एका कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात तर स्वच्छ लिहिले होते, की संशय हाच आपला माल आहे. १९९४ च्या एप्रिलात सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगते झाले, की निकोटिनचे व्यसन जडते असे आम्हांस वाटत नाही. पुढे खटल्यांमुळे त्यांचीच कपाटे उघडली, लक्षावधी कागद बाहेर पडले, आणि २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी, या कंपन्यांनी पन्नास वर्षे संगनमताने जनतेची फसवणूक केली, असा निर्णय दिला.

आपल्याकडील ८५ टक्क्यांचा नियम अखेर १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. मधले वर्ष अर्थातच गेले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, तर जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली.

या साऱ्या वादात एक चेहरा हटकून पुढे केला जातो, तो शेतकऱ्याचा. चित्र मोठे झाले की शेतकरी देशोधडीला लागणार, अशी निवेदने निघतात. हीही रीत बाहेरून आलेली. तंबाखू उत्पादकांचा आंतरराष्ट्रीय संघ १९८४ साली स्थापन झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालाने दाखवून दिले, की त्या संघाचा पैसा आणि सल्ला कंपन्यांचा होता. शेतकऱ्याच्या तोंडून बोललेले सरकारांना लवकर ऐकू येते, हे त्यांनी नेमके हेरले होते.

शेतकऱ्याचा खरा आवाज कसा असतो, हे आमच्या सीमाभागातील वाचकांस निराळे सांगायला नको. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. वर्षभर घाम गाळून वखारीत आणलेला माल व्यापारी सांगेल त्या दराने टाकून यावा लागे. मागणी होती ती वाजवी भावाची. एप्रिलात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या वेळी पुड्यावर चित्र नव्हते, ८५ टक्के नव्हते, जागतिक आरोग्य संघटनेचा करारही नव्हता. शेतकरी भाव मागत होता तो याच धंद्याकडे.