खुंट निवडण्याआधी पाण्याचा रिपोर्ट

नाशिक, सांगली, सोलापूर पट्ट्यात नवी द्राक्षबाग लावताना चर्चा रंगते ती वरच्या वाणाची. थॉमसन घ्यायचा, सोनाका की एखादा रंगीत वाण? ज्यावर त्याचे कलम होणार, तो जमिनीखालचा खुंट मात्र बहुतेकदा ठरलेलाच असतो: डॉगरिज.

डॉगरिज हा अमेरिकेतल्या टेक्ससमधील जंगली द्राक्षवेलीतून टी. व्ही. मन्सन यांनी निवडलेला खुंट. वाढ जोमदार, सूत्रकृमींना सहसा दाद न देणारा. युरोपने १९ व्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीपासून वाचण्यासाठी अमेरिकन खुंट स्वीकारले. महाराष्ट्रात ते पसरले पाणीटंचाई आणि क्षारांमुळे. डॉगरिजने तेव्हा अनेक बागा तारल्या.

अडचण काही वर्षांनी दिसते. मूत्रपिंड जसे रक्तातले क्षार सांभाळते, तसे मूळ वेलीत किती सोडियम चढू द्यायचे हे ठरवते. फरक इतकाच, की शिरलेले सोडियम वेलीला लघवीवाटे टाकता येत नाही. बोअरचे पाणी खारे असेल तर डॉगरिजवरच्या वेलीत ते साठत जाते, पोटॅशियम कमी पडते, पाने करपतात, ओलांडे वाळतात. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या अभ्यासात '११० आर' या खुंटावरील थॉमसनमध्ये सोडियम तुलनेने कमी आढळले.

जोमदार वाढीचीही किंमत असते. पाला दाटतो, घड कमी लागतात. दाट पाल्यात भुरी बळावते, फवारण्या वाढतात. इथे प्रश्न खाणाऱ्याच्या ताटापर्यंत येतो.

म्हणून सगळीकडे ११० आर लावा, असेही नाही. पाणी साचणाऱ्या चिबड जमिनीत तो नीट चालत नाही. रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला एकच गोळी चालत नाही, तसेच हे आहे. आधी तपासणी, मग निवड.

वाण बदलायचा तर पुन्हा कलम करता येते. खुंट चुकला तर बाग मुळासकट काढावी लागते आणि कर्ज मागे उरते. त्यामुळे लागवडीआधी माती-पाण्याचा रिपोर्ट आणि बाग उभी राहिल्यावर दर हंगामात पान-देठ परीक्षण, हा खर्च टाळण्यासारखा नाही. करपलेले पान दिसेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो.