एकच गोळी, दोन खाती

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत गप्पा होतात त्या काही केवळ राजकारणाच्या नव्हेत; औषधांचीही देवाणघेवाण चालते. ‘अहो, रक्त पातळ करणारी ती बारकी गोळी रोज घेत चला, हार्टची चिंता नको,’ असे कुणीतरी सांगते आणि दुसऱ्या दिवशी चार घरांत अ‍ॅस्पिरिन येते. सल्ला आपुलकीचा असतो, यात शंका नाही. पण देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची प्रकृती एकच असते काय?

गोळी गुणाची आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ चाचणीत, हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेल्या रुग्णांना महिनाभर अ‍ॅस्पिरिन दिली गेली. पाच आठवड्यांत, ती न मिळालेल्यांपैकी हजारी सुमारे ११८ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले, मिळालेल्यांपैकी ९४. इतक्या स्वस्त औषधाने हजारी चोवीस जीव वाचले!

मग धडधाकट माणसाने ती आधीपासूनच का घेऊ नये? त्याचे उत्तर २०१८ साली ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीने दिले. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील एकोणीस हजारांहून अधिक, बहुतेक सत्तरी गाठलेल्या निरोगी व्यक्तींची पावणेपाच वर्षांच्या आसपास पाहणी झाली. त्यातल्या निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅमची गोळी होती. हृदयविकार आणि पक्षाघात यांत दखल घेण्याजोगी घट झाली नाही. गंभीर रक्तस्राव मात्र हजारी २८ ऐवजी ३८ जणांना झाला.

कारण साधे आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ न देणारी गोळी पोटातल्या जखमेवरही गुठळी धरू देत नाही. शिवाय जठराच्या अस्तराचे संरक्षणही ती कमी करते. उपकार करणारा गुण आणि अपाय करणारा गुण एकच.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना ‘कर्ज चांगले की वाईट’ असे आम्ही विचारत नसू. कोणाला आणि कशासाठी, असे विचारत असू. औषधाचेही तसेच आहे. नफा-तोटा गोळीच्या नव्हे, घेणाऱ्याच्या खात्यावर मांडावा लागतो.

मात्र ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांनी हे वाचून गोळी परस्पर बंद करू नये. त्यांच्या खात्यात जमेची बाजू सहसा मोठी असते, आणि गोळी अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. मनाने सुरू करणे आणि मनाने थांबवणे, दोन्ही सारखेच धोक्याचे.

आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. तसे मानू नये. ही गोळी मला कशासाठी? न घेतल्यास धोका किती? पूर्वी अल्सर झाला होता, गुडघ्यांसाठी वेदनाशामक चालू आहे, तर काय? एवढे विचारायला दोन मिनिटे पुरतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना संकोच वाटत असेल, तर मुलासुनांनी बरोबर जावे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी.