विश्लेषण : हेलियमचा शोध खरेच विजयदुर्गावर लागला?

१८ ऑगस्ट जवळ आला की मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो : ‘हेलियमचा शोध आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.’ त्या दिवशी किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. शाळेची मुले येतात. मालवण, देवगडला आलेले पर्यटकही वाट वाकडी करून तिथले ‘साहेबाचे कट्टे’ पाहून जातात. या दाव्यात खरे किती आणि भर किती? त्याचे उत्तर किल्ल्यावर सुरू होते, पण संपते लंडनमधल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत.

१८६८ मध्ये नेमके काय घडले?

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची सावली गोवा आणि राजापूर यांच्या दरम्यान कोकणात शिरली आणि देश ओलांडून पूर्व किनाऱ्यावर गेली. ग्रहण या पट्ट्यातून गेले हे खरे. पण ऑगस्टमधले कोकणातले आभाळ कसे असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर जान्सेन यांनी आंध्रातले गुंटूर निवडले. ब्रिटिश पथके गुंटूर, विजापूर, जमखंडी येथे होती.

सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तेव्हा तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांत एक पिवळी होती. ती सोडियमची असावी, असेच तेव्हा बहुतेकांना वाटले.

नॉर्मन लॉकयर त्या वेळी भारतात नव्हते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर बसत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, ही ५८७.५ च्या आसपास. जेमतेम दीड नॅनोमीटरचा फरक! पृथ्वीवर माहीत असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याची ही रेषा नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून, ‘हेलिऑस’वरून, या अज्ञात द्रव्याला हेलियम म्हटले गेले.

मग विजयदुर्गाचे नाव कुठून आले?

लॉकयर विजयदुर्गाला आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी याच किल्ल्यावर तळ दिला. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. जानेवारीचे निरभ्र आभाळ, समोर समुद्र आणि हाती सुमारे दोन मिनिटांची खग्रास स्थिती. दुर्बिणींसाठी बांधलेल्या कट्ट्यांचा संबंध लागतो तो या मोहिमेशी.

त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे स्वतंत्र मोहीम नेली होती. म्हणजे महाराष्ट्रातले एक कॉलेजही त्या दिवशी सूर्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करत होते.

लॉकयर खरे, किल्ला खरा, ग्रहणही खरे. फक्त १८६८ आणि १८९८ या दोन ग्रहणांची गल्लत झाली.

हेलियम हाती कधी लागला?

सूर्यावरची रेषा म्हणजे फक्त सही होती. माणूस सापडलेला नव्हता. अनेक रसायनशास्त्रज्ञ हेलियम मानायलाच तयार नव्हते. तो पृथ्वीवर सापडला युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथे, मार्च १८९५ मध्ये. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम रॅम्झी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करत होते. त्यांना हवा होता अरगॉन. निघालेल्या वायूच्या वर्णपटात दिसली पिवळी रेषा, सोडियमच्या किंचित बाजूला. त्यांनी नमुने विल्यम क्रुक्स आणि खुद्द लॉकयर यांच्याकडे पडताळणीसाठी पाठवले. क्रुक्स यांनी मोजलेला आकडा सूर्यावरच्या रेषेशी जुळला. प्रश्न विचारल्यापासून उत्तर मिळेपर्यंत २७ वर्षे गेली होती.

एकाच कॉलेजात इतके शोध कसे?

सुरुवात झाली ती एका किरकोळ वाटणाऱ्या फरकापासून. लॉर्ड रॅली यांना दिसले की हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो. एखाद्याने तराजूची चूक म्हणून सोडून दिले असते. रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा सोडला. नायट्रोजन शोषला गेला, तरी थोडा वायू उरलाच. तो अरगॉन. १८९४ मध्ये दोघांनी तो जाहीर केला.

पुढे १८९८ मध्ये, म्हणजे विजयदुर्गावरच्या ग्रहणाच्याच वर्षी, रॅम्झी आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवा टप्प्याटप्प्याने उकळवून तिचे भाग वेगळे केले. मे ते जुलै या काळात क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन असे तीन नवे वायू मिळाले. शाळेच्या पुस्तकात आज ‘राजवायू’ म्हणून जो गण १८ शिकवला जातो, त्यातला बहुतेक भाग या एका प्रयोगशाळेने भरला. १९०३ मध्ये रॅम्झी आणि फ्रेडरिक सॉडी यांनी तिथेच दाखवले की रेडियमपासून हेलियम तयार होतो. १९०४ मध्ये रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे, तर रॅली यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

याचा भारताशी संबंध काय?

जमशेटजी टाटा यांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी रॅम्झी १९०० मध्ये भारतात आले आणि जागा म्हणून त्यांनी बंगळूरु सुचवले. त्या संस्थेचे, आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे, पहिले संचालक झाले ट्रॅव्हर्स. पुढे शांतिस्वरूप भटनागर यांनी याच लंडनच्या कॉलेजातून १९२१ मध्ये डीएस्सी केली. त्यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी केली. तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले.

आज हेलियम कशासाठी लागतो?

फुग्यांसाठी कमी, थंडाव्यासाठी जास्त. द्रवरूप हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो. इतक्या थंडीत काही धातूंचा विद्युतरोध शून्य होतो. एमआरआय यंत्रातले चुंबक याच तत्त्वावर चालतात. तपासणीसाठी कोल्हापूर किंवा गोव्याला गेलेला सिंधुदुर्गातला रुग्ण त्या यंत्रात आडवा होतो, तेव्हा भोवतीची तार बहुधा हेलियमनेच थंड ठेवलेली असते. पदार्थविज्ञानाच्या संशोधनातही त्याला सहज पर्याय नाही. जमिनीखाली युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून तो फार सावकाश तयार होतो आणि एकदा हवेत सुटला की हळूहळू अवकाशात निघून जातो. भारताला तो प्रामुख्याने आयात करावा लागतो.

मग किल्ल्यावर काय सांगावे?

जे घडले तेच. १८९८ मध्ये जगातला एक नामवंत सूर्य-अभ्यासक, ‘नेचर’ या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक, आपली उपकरणे घेऊन विजयदुर्गाला आला, ही गोष्ट मुळीच लहान नाही. तिला खोट्या तारखेचा टेकू लागत नाही. उलट चुकीचा दावा मुलांनी वहीत उतरवला, तर परीक्षेत आणि पुढे बाहेरच्या जगात त्यांचीच फजिती होणार. किल्ल्यावरच्या फलकांवर दोन्ही ग्रहणांच्या तारखा आणि १८९५ चा प्रयोग एकत्र आला, तर एका फलकात विज्ञान कसे चालते तेही कळेल.

हेलियम दिनाला भाषणांबरोबर एक प्रयोगही करता येईल. खोका आणि जुन्या सीडीचा तुकडा यांतून मुले साधा वर्णपटदर्शक बनवू शकतात. त्यातून ट्यूबलाइटचा प्रकाश पाहता येतो. सूर्याकडे मात्र तो रोखू नये. ५८७ आणि ५८९ यांतला फरक या खोक्यातून दिसणार नाही. तो दिसायला बारकाईने मोजणारे उपकरण आणि ते रोज वापरू देणारी प्रयोगशाळा लागते. जिल्ह्यातल्या किती शाळा-कॉलेजांत ती वर्षभर उघडी असते, हा प्रश्न हेलियम दिनाच्या व्यासपीठावरून विचारायला हरकत नाही.